तेवढंच माझ्या मर्जीनं

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा धाराशिवच्या आमच्या कॉलेजात एक वकीलबाई भाषणाला आल्या. फळ्यावर विषय लिहिला होता, ‘संमती आणि कायदा’. असल्या कार्यक्रमाला कोण कुठं बसणार हे ठरलेलंच असतं. मुली पुढं, माना खाली घालून. मुलं मागं, भिंतीला पाठ लावून, हसू दाबत. माझी मैत्रीण माझ्या शेजारी बसून माझ्या वहीच्या कोपऱ्यात मांजरं काढत होती. तिला दुसरं काहीच काढता यायचं नाही, पण मांजरं झकास यायची.

वकीलबाई इकडच्याच होत्या. त्यांनी पुस्तकी बोलणं लवकरच सोडलं आणि घरात बोलावं तसं बोलायला लागल्या. अठरा वर्षांखालच्या मुलीनं हो म्हटलं तरी कायदा ते हो धरत नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, अठरानंतर तिचं हो तिचं असतं आणि नकोही तिचंच. ती गप्प बसली म्हणजे हो म्हणाली असं नाही. ओरडली नाही, ढकललं नाही, म्हणून ती तयार होती असंही कायदा मानत नाही. फिरायला यायला हो म्हटलं म्हणजे पुढच्या सगळ्याला हो झालं नाही, आणि एकदा दिलेलं हो मधेच परत घेता येतं.

मागून एका मुलानं विचारलं, “म्हणजे मॅडम, दर वेळेस विचारायचं का?”

सगळा हॉल हसला. वकीलबाईंनी हसणं थांबायची वाट पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, “व्हय. दर वेळेस.”

सगळ्यात जास्त माझी मैत्रीण हसली होती. पुढचे कित्येक दिवस होस्टेलवर आमचा तोच खेळ चालला. तिची शेंगाची चटणी घेतली की ती म्हणायची, विचारलंस का? माझी ओढणी तिनं न सांगता घातली की मी म्हणायचे, दर वेळेस विचारायचं असतं.

मी लोहाऱ्याची. वडील तहसील कचेरीत नोकरीला. आजोबांनी धम्म घेतला आणि त्याच्या मागोमाग पोरांच्या हातात पाटी दिली, तेव्हापासून आमच्या घरात शिकायचं का नाही असा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही. तिचं तसं नव्हतं. ती भूम तालुक्यातल्या ईटची. घरची शेती, दारात म्हशी, आणि शेताच्या कडेला वडिलांची स्वतःची खव्याची भट्टी. तिच्या घराण्यात कॉलेजच्या होस्टेलवर राहणारी ती पहिली मुलगी. वडिलांनी तिला कसं पाठवलं हे ती रंगवून सांगायची. आई नको म्हणत होती, चुलते नको म्हणत होते, आणि वडील नुसते कढईतला खवा हलवत बसले होते. शेवटी उलथनं खाली न ठेवताच म्हणाले, जाऊ द्या तिला, नापास झाली की आणू माघारी. नापास होऊ नये म्हणून ती खरंच लई अभ्यास करायची.

तो मुलगा आमच्याच वर्गातला. कमी बोलणारा, अक्षर सुंदर. वनस्पतिशास्त्राच्या जर्नलमधल्या त्याच्या आकृत्या मॅडम वर्गाला दाखवायच्या. तिला तो आवडायचा आणि त्याला ती, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. बाकीच्यांनाही असावं. काही महिने त्यांचं बोलणं लायब्ररीच्या पायऱ्यांवर आणि फोनवर चालू होतं. मग एका रविवारी ती म्हणाली, आम्ही तेरला जाणार आहोत, मंदिर बघू, नदीवर बसू, दुपारी माघारी येऊ. तिनं केस धुतले होते. आरशात बघून मला विचारलं, टिकली लावू का नको. मी म्हणाले, लाव. ती गेली तेव्हा इतकी खुशीत होती की चप्पल घालायचं विसरून होस्टेलची स्लिपर घालूनच निघाली, आणि ती बदलायला फाटकातून माघारी आली.

दुपारी येणार होती, ती संध्याकाळच्या गाडीनं आली. आल्या आल्या तोंड धुवायला गेली. परत आली, बसली, पुन्हा तोंड धुवायला गेली. मी विचारलं तर म्हणाली, धूळ लई होती बसमध्ये. जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती तासाला आली नाही. मी मधल्या सुट्टीत खोलीवर गेले तर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी काही न विचारता शेजारी बसले, आणि बऱ्याच वेळानं ती आपणहून बोलायला लागली.

तेरणेच्या काठाला बाभळींच्या आडोशाला ते बसले होते. पेरू खाल्ले. त्यानं हात हातात घेतला, तो तिला आवडला, हे तिनं मला दोनदा सांगितलं, जणू मी ते नाही म्हणणार होते. मग त्यानं तिला जवळ ओढून मुका घेतला. ती म्हणाली, नको. तो हसला आणि तिची मान मागून धरून पुन्हा घेतला, आणि त्याचे हात तिच्या अंगावर फिरायला लागले. ती पुन्हा नको म्हणाली आणि मग तिला काही बोलताच येईना. कुणीतरी गुराख्यानं लांबून हाळी दिली तेव्हा तो बाजूला झाला.

सगळ्यात वाईट काय वाटलं ते ती मला सांगत होती, आणि ते मी कधी विसरणार नाही. परतीच्या बसमध्ये तो तिच्या शेजारी बसून परीक्षेबद्दल बोलत होता. तो खुशीत होता. उतरताना म्हणाला, पुढच्या रविवारी परत जाऊ.

“त्याला कळलंच न्हाय,” ती म्हणाली. “मला वाटायलंय, काही झालंच नसंल. मीच वेडी असंल.”

मी तिला वकीलबाईंच्या भाषणाची आठवण करून दिली. ती म्हणाली, ते हॉलमध्ये ऐकायला सोपं आहे. तेरला मी स्वतः गेले होते. टिकली लावून गेले होते. तिचा फोन मधूनमधून वाजत होता. त्याचे मेसेज होते. राग आला का? तू पण हसलीस की.

तो मेसेज वाचल्यावर ती उठून बसली. राग आला की तिचे कान लाल व्हायचे. तिचे कान लाल झालेले बघून मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

कॉलेजच्या तक्रार समितीच्या अध्यक्ष आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम होत्या. जिन्याजवळच्या फलकावर त्यांचं नाव होतं आणि आम्ही रोज त्याच्यापुढून जायचो. मॅडम ठेंगण्या, कडक, हजेरीवरून सगळ्यांना बोलणाऱ्या. त्यांना असलं काही सांगायचं म्हणून आम्ही एकदा दारापासूनच माघारी फिरलो. तरी गेलो. त्यांनी आमची तोंडं बघितली आणि काही न विचारता वाळवलेल्या नमुन्यांच्या खोलीत नेऊन बसवलं. पंखा खडखडत होता, तो बंद केला. मग म्हणाल्या, बोल, मला घाई नाही.

तिनं सांगितलं. मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. कशाला गेलीस, असं त्या आता म्हणतील, मग म्हणतील, अशी मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या नाहीत. ती थांबल्यावर त्यांनी नियम सांगितले. तक्रार करायची का नाही, हे तू ठरवायचं. पोलिसात जायचं असेल तर कॉलेज मदत करील, तेही तूच ठरवायचं, कारण तू सज्ञान आहेस. समितीपुढं रीतसर चौकशी होऊ शकते. समोरासमोर बोलून मिटवायचं असेल तर तसंही होतं, ते तुझ्याकडून आलं तरच. आम्ही तुला तसं सुचवायचं नसतं, म्हणून मी सुचवत नाही.

तिनं एकच विचारलं, “मॅडम, घरी कळंल का?”

“माझ्याकडून नाही,” मॅडम म्हणाल्या.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, बघ, मॅडमनी एकदापण ‘पण’ म्हटलं नाही. त्या दिवसापासून आम्हाला मॅडमची हजेरीवरची बोलणीसुद्धा गोड लागायला लागली.

तिनं ठरवायला काही दिवस घेतले. पोलिसात जायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. त्याला तुरुंगात बघायचं नाही, पण त्यानं काय केलं ते त्याच्या तोंडून ऐकायचंय, असं ती म्हणाली. आणि त्यानंतर तो आपल्या आसपास नको. तिनं तक्रार लिहून दिली आणि त्यातच, मला समोरासमोर बोलायचंय, असंही लिहिलं.

घरी मॅडमकडून कळलं नाही, पण कळलं. वर्गात ईटच्या जवळचा एक मुलगा होता, त्यानं गावी जाऊन जीभ सैल सोडली. एका सकाळी होस्टेलच्या फाटकाशी तिचे वडील उभे. पांढरा सदरा, टोपी, हातात पिशवी. पहिल्या गाडीनं आले होते. अंगाला आटीव दुधाचा वास येत होता. ते एरवी आले की पिशवीतून खव्याचा डबा काढायचे आणि होस्टेलवर आमची पंगत बसायची. त्या दिवशी त्यांनी पिशवी उघडली नाही. तिच्याकडं न बघता म्हणाले, बॅग भर, गावाकडं जायचंय.

मी धावत जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडमनी दोघांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं. तिनं माझा हात सोडला नाही म्हणून मीही आत गेले. वडील खुर्चीच्या टोकावर बसले. चहा आला, त्यांनी घेतला नाही. म्हणाले, तुमचा कायदा तुमच्यापाशी, ती माझी लेक हाय, मी घेऊन चाललो. मॅडम म्हणाल्या, तुमची लेक आहे आणि सज्ञानही आहे. जायचं का ते तिलाच विचारू. वडील जरा आवाज चढवून म्हणाले की तिला काय विचारायचं. तिला फसवून नेलं त्यानं, लेकरू हाय ते.

तेव्हा ती बोलली. खाली बघत बोलली, पण आवाज मोडला नाही.

“अण्णा, मला कुणी फसवून नेलं न्हाय. मी त्याच्यासंगं माझ्या मर्जीनं गेले व्हते. तेवढंच माझ्या मर्जीनं झालं. पुढचं न्हाय. मी नको म्हणले व्हते.”

मला वाटलं, आता ते उठून तिच्या अंगावर धावून जातील. बापापुढं पोरीनं असलं बोललेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं, आमच्या शिकलेल्या घरातही नाही. ती पुढं म्हणाली, “चूक त्यानं केली. अन् शाळा माझी का बंद करायची?” कॉलेजला ती शाळाच म्हणायची, वडिलांशी बोलताना.

वडील उठले आणि बाहेर निघून गेले.

थोड्या वेळानं मॅडमनी मला पाणी देऊन त्यांच्यामागं पाठवलं. ते पार्किंगजवळच्या लिंबाखाली बसले होते, टोपी हातात घेऊन. मी तांब्या दिला. पाणी प्यायले आणि मला म्हणाले, “माय, खरं सांग. लई रडली का ती?”

मी म्हणाले, लई.

“माझ्या भ्यानं, का त्याच्यामुळं?”

मी मग खरंच सांगितलं. आधी त्याच्यामुळं, अन् मग तुमच्या भ्यानं. त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते टोपीची घडी उलटीसुलटी करत बसले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला आजही माहीत नाही, आणि त्यांनी ते कधी कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. शेवटी उठले, मॅडमच्या खोलीच्या दारात गेले आणि आत न जाताच तिला म्हणाले, “ऱ्हा. मी बी थांबतो, ते मिटंस्तवर.”

समितीच्या बैठकीत त्यांना बसता येणार नाही असं मॅडमनी सांगितलं तेव्हा ते पुन्हा थोडे तडकले. नियम आहे म्हटल्यावर गप्प झाले. बैठक होईतो ते पाहुण्यांकडं उतरले आणि त्या दिवशी सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून राहिले. तो मुलगा आपल्या वडिलांबरोबर आला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांच्या मुठी आवळलेल्या मला दिसल्या. पण मुलाचे वडील तसेच, त्यांच्यासारखेच, सदरा-टोपीतले, मान खाली घालून आलेले. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि नजरा वळवल्या.

आत काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. मॅडमनी त्याला एवढंच म्हटलं की त्या दिवशी काय झालं ते तूच सांग. तो बराच वेळ अडखळला. मग म्हणाला, ती नको म्हणाली होती, पण हसत म्हणाली होती, मला वाटलं लाजतेय.

“मी भ्याले म्हणून हसले,” ती म्हणाली. “भ्याल्यावर मला दुसरं काही सुचलं न्हाय.”

तिनं सांगितलं की हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघायला लागला, आणि मग त्याला तिच्याकडं बघवेना. त्यानं माफी मागितली. समितीनं त्याला लेखी समज दिली, त्याची प्रॅक्टिकलची बॅच बदलली, त्या वर्षीच्या गॅदरिंगमधून त्याला बाहेर ठेवलं, आणि फोन, मेसेज, भेट काही करायचं नाही असं लिहून घेतलं. ती बाहेर आली तेव्हा वडील उभे राहिले. तिला काही विचारलं नाही. पिशवीतून डबा काढला आणि माझ्याकडं दिला, घाईघाईत, जणू तोच एक निरोप द्यायचा राहिला होता.

पुढचे दिवस सोपे होते असं नाही. वर्गाच्या ग्रुपवर कुणी ना कुणी काहीतरी टाकायचं. ती येताजाता मुलं मागून म्हणायची, विचारून बोला रे. काही मुलींनी तिच्याशी बोलणं कमी केलं, कारण त्यांच्या घरी कळलं असतं तर त्यांचंच होस्टेल सुटलं असतं. मॅडमनी एकदा वर्गात येऊन, कुणाचंही नाव न घेता, ग्रुपवरचं लिहिणंसुद्धा छळात मोडतं एवढं सांगितलं आणि लगेच मुळांचे प्रकार शिकवायला घेतले. त्यानंतर ग्रुप शांत झाला.

आणि आमच्या खोलीत मुली यायला लागल्या. कुणी साखर मागायला, कुणी सेफ्टी पिन मागायला. बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या आणि मग हळूच आपलं सांगायच्या. आतेभाऊ, ट्यूशनचे सर, ठरलेला नवरा. माझी मैत्रीण गप्प ऐकायची. मॅडमकडं शिकलेली एक गोष्ट ती कटाक्षानं पाळायची. मधे ‘पण’ म्हणायची नाही. एक मुलगी नुसती रडून गेली, काही बोललीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, काल लई बरं वाटलं.

शेवटच्या वर्षाच्या निरोप समारंभाला तो आमच्यापासून लांब येऊन उभा राहिला. तोवर त्यानं शब्द पाळला होता. त्यानं तिथूनच विचारलं, बोललं तर चालंल का? तिनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, नको. तो बरं म्हणाला आणि गेला. मला वाटलं ती खट्टू होईल. ती माझ्या ताटातली जिलेबी उचलत म्हणाली, चांगलं विचारलं त्यानं, पण मला खरंच बोलायचं नव्हतं.

पदवीनंतर ती बी.एड.ला गेली, मी एम.एस्सी.ला. त्याच काळात तिला वडिलांचा फोन आला. ते फोनवर कधी जास्त बोलायचे नाहीत, त्या दिवशी मात्र पिकापाण्याचं, म्हशींचं, चुलत्यांचं असं बरंच बोलत राहिले. शेवटी म्हणाले, परांड्याकडचं एक स्थळ आलंय, रविवारी बघायला येतो म्हणतेत. येऊ द्यायचं का न्हाय, तू सांग. तिला आधी समजलंच नाही की तिला विचारलं जातंय. मग ती म्हणाली, आत्ताच नको अण्णा. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला आणि पाहुण्यांना कळवलं. आई त्यांच्याशी आठवडाभर धड बोलली नाही, असं तिनं मला हसून सांगितलं आणि सांगता सांगता रडली.

असं आणखी एकदा झालं. मग तिला नोकरी लागल्यावर आलेल्या एका स्थळाला ती हो म्हणाली, तेही त्याला एकट्याला भूमच्या हॉटेलात भेटून, तेरचं सगळं सांगून. मुलगा शिक्षक. त्यानं त्या मुलाचं नाव विचारलं नाही, समितीतल्या लोकांनी तुम्हाला त्रास तर दिला नाही ना, एवढंच विचारलं. तिनं लगेच मला फोन केला, होस्टेलवर खुशीत असली की बोलायची तशा आवाजात.

लग्नाला मी लोहाऱ्याहून आईवडिलांना घेऊन गेले. आमच्या घरचं कुणी ईटला कुणाच्या लग्नाला जाईल आणि पंगतीत पहिल्या रांगेत बसेल, हे आजोबांना खरं वाटलं नसतं. तिच्या वडिलांनी माझ्या वडिलांना हाताला धरून नेऊन बसवलं आणि स्वतः वाढलं. मला म्हणाले, माय, तू नवरीपाशी जा, ती मघापासून तुझी वाट बघायलीय.

आता ती भूम तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. परवा फोनवर तक्रार करत होती की मुख्याध्यापकांनी तिला मुलींच्या अडचणी ऐकायच्या समितीवर घातलंय, आठवड्यातला एक मोकळा तास त्यात गेला. मी विचारलं, मग मुली येतात का? ती म्हणाली, सुरुवातीला कुणी येत नव्हतं. आता मधल्या सुट्टीत खोलीत बसायला जागा पुरत नाही, आणि बहुतेक जणी नुसत्या डबा खायला येतात. येऊ देत, खातील आणि जातील, असं म्हणून तिनं घाईनं फोन ठेवला, तास होता तिचा.